फॉस्फोरिलेशनच्या डेटावरून पेशीतलं सिग्नलिंग नेटवर्क कसं काढतात : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीची, पीएचडीला नुकती लागलेली मुलं आणि आता हळूहळू काही डॉक्टर मंडळीसुद्धा साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. क्रम फार बघू नका, जो प्रश्न अडलाय तिथे थेट जा.

हा नक्की काय प्रकार आहे, थोडक्यात सांगाल का?

पेशीच्या बाहेर काहीतरी घडतं, समजा एखादा ग्रोथ फॅक्टर येऊन रिसेप्टरला चिकटला, तर ती बातमी आतपर्यंत पोचते ती बऱ्याचदा प्रोटीनवर फॉस्फेट लावत लावत. लावणारं एन्झाइम म्हणजे कायनेज, काढणारं म्हणजे फॉस्फेटेज. फॉस्फेट येतं एटीपीकडून आणि बसतं प्रोटीनमधल्या सेरीन, थ्रिओनिन नाहीतर टायरोसिन या अमिनो आम्लांवर. आपण काय करतो, तर ठरावीक क्षणी कुठल्या प्रोटीनच्या कुठल्या जागी फॉस्फेट वाढलंय किंवा कमी झालंय हे हजारो जागांसाठी (त्यांनाच साइट म्हणतात) मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे मास स्पेकवर, एकदम मोजतो आणि त्यावरून उलटं मागे जाऊन कोणी कोणाला चालू-बंद केलं असेल त्याचा नकाशा काढतो. सगळी मजा आणि सगळा घोळ या उलटं मागे जाण्यातच आहे.

पण आरएनए सीक्वेन्सिंगचा डेटा ढिगाने पडलाय की, तो का नाही वापरायचा?

वापरा ना, पण तो वेगळी गोष्ट सांगतो. आरएनए वाढायला बराच वेळ लागतो आणि सिग्नल तोवर येऊन गेलेला असतो. ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर दिल्यावर त्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे ईजीएफआरवर, मिनिटाभरात फॉस्फेट दिसायला लागतं आणि त्याच वाटेवर पुढे असलेलं ईआरके नावाचं कायनेज पाच-दहा मिनिटांत चढलेलं असतं. शिवाय कायनेजचं प्रमाण तेवढंच राहून त्याचं काम कैक पटींनी वाढू शकतं, आरएनए बघून ते कळायचा काही मार्गच नाही.

एकूण जागा किती, कायनेज किती?

माणसाच्या जीनोममध्ये ५१८ प्रोटीन कायनेज आहेत अशी यादी २००२ साली आली, तो आकडा अजून सगळे वापरतात. जागा मात्र वाढतच चालल्यात. २०१४ मध्ये एकट्या हेला पेशींमधून (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी) ५० हजारांवर फॉस्फोपेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचे फॉस्फेटवाले तुकडे, मोजले गेले, आणि २०२० मध्ये शंभरावर डेटासेट एकत्र करून पुन्हा तपासले तेव्हा १,१९,८०९ जागा हाती लागल्या. आता खरी अडचण ऐका, यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त जागांवर फॉस्फेट कुठलं कायनेज लावतं किंवा ते तिथे असून काय करतं, हे माहीत नाही. म्हणजे ठिपके लाखभर आहेत पण त्यांना जोडणाऱ्या खात्रीच्या रेषा अगदी मोजक्या.

मास स्पेक मग नेमकं मोजतं काय?

वजन. पेशी फोडल्या, प्रोटीन ट्रिप्सिनने कापली (ते लायसिन आणि आर्जिनिननंतर कापतं), आणि जे तुकडे मिळाले त्यांचं वजन मोजलं. एक फॉस्फेट बसलं की तुकड्याचं वजन ७९.९६६ डाल्टनने वाढतं, तेवढ्यावरून ओळखायचं. पण फॉस्फेटवाले तुकडे साध्या तुकड्यांच्या गर्दीत अगदी थोडे असतात, म्हणून आधी ते टायटॅनियम डायऑक्साइडवर किंवा लोखंडाचे आयन लावलेल्या मण्यांवर अडकवून वेगळे काढावे लागतात, यालाच लॅबमध्ये एन्रिचमेंट म्हणतात. हे न करता डेटा घेतला तर फॉस्फोच्या नावाने जेमतेम काहीतरी हाती लागेल.

आणि एक, पेशी फोडल्या की फॉस्फेटेज मोकळी होतात आणि फॉस्फेट काढायला लागतात. सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट, सोडियम फ्लोराइड, बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट ही त्यांना रोखणारी रसायनं लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, आधीच घातलेली हवीत आणि सगळं बर्फावर हवं. युरिया वापरत असाल तर गरम करू नका, प्रोटीनवर कार्बामिलेशन होतं, म्हणजे युरियापासून आलेला गट चिकटून त्यांचं वजन बदलतं.

माझ्या डेटात टायरोसिनच्या साइट जवळजवळ नाहीतच. एक्सपेरिमेंट फसला का?

नाही हो, तसंच असतं. २००६ सालच्या एका गाजलेल्या हेला पेशींच्या अभ्यासात सेरीन ८६.४ टक्के, थ्रिओनिन ११.८ आणि टायरोसिन फक्त १.८ टक्के होतं. टायरोसिनच हवं असेल तर फॉस्फोटायरोसिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीने वेगळं ओढून काढावं लागतं आणि त्याला सुरुवातीचं प्रोटीन भरपूर, मिलिग्रॅममध्ये लागतं.

टायरोसिन इतकं कमी असतं की ते शोधलं गेलं तेही एका जुन्या बफरमुळे. प्रोटीनवर फॉस्फेट लागून एन्झाइम चालू होतं हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी सिएटलमध्ये १९५० च्या दशकातच स्नायूंमधल्या ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजवर दाखवलं होतं (नोबेल मिळायला १९९२ उजाडलं), पण नंतर कितीतरी वर्षं सगळे सेरीन आणि थ्रिओनिनच धरून चालले होते. १९७९ मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटरनी अमिनो आम्लं विजेच्या जोरावर वेगळी करताना ताजं बफर न करता वापरलेलंच पुन्हा घेतलं, त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरलेला होता आणि तेवढ्यानेच फॉस्फोटायरोसिनचा ठिपका फॉस्फोथ्रिओनिनपासून वेगळा झाला. आज कॅन्सरवरची कायनेज-रोधक औषधं बघितली तर त्यातली कितीतरी टायरोसिन कायनेजवरचीच आहेत. (म्हणून जुनी बफरं वापरत बसा असं नाही!)

सॉफ्टवेअर म्हणतंय लोकलायझेशन प्रोबॅबिलिटी ०.५. म्हणजे काय?

म्हणजे तुकड्यावर फॉस्फेट आहे हे नक्की, पण त्या तुकड्यात शेजारी-शेजारी दोन सेरीन आहेत आणि नेमकं कशावर बसलंय ते मशीनला ठरवता येत नाहीये. साधारण ०.७५ च्या वरचे ठेवतात, त्यांना क्लास वन साइट म्हणतात. नेटवर्क काढायचं असेल तर इथे कंजूषपणा केलेला बरा, कारण चुकीच्या सेरीनवरून चुकीचं कायनेज निघतं आणि मग पुढचं सगळं चुकत जातं.

याच्याच जोडीला नंबरांचा गोंधळ येतो. जुन्या पेपरात ईजीएफआरचं टायरोसिन १०६८ लिहिलेलं असतं आणि युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसमध्ये तेच १०९२ असतं, कारण सुरुवातीचे २४ अमिनो आम्ल, म्हणजे सिग्नल पेप्टाइड, जुन्या मोजणीत धरलेले नाहीत. दोन डेटाबेस जोडताना नंबरावर विसंबू नका, आजूबाजूचा पंधरा अक्षरांचा सीक्वेन्स (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल) जुळवा. हे न केल्यामुळे टेबलमधून निम्मी ओळखीची नावं गायब होतात आणि मुलं आठवडाभर कोडमध्ये बग शोधत बसतात.

फॉस्फोरिलेशन वाढलं म्हणजे प्रोटीन चालू झालं, बरोबर?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ईआरके-१ वर थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ दोन्हीवर फॉस्फेट बसलं की ते चालू होतं, इथपर्यंत ठीक. पण जीएसके-३ बीटा या कायनेजचं सेरीन ९ घ्या, त्यावर एकेटी या दुसऱ्या कायनेजने फॉस्फेट लावलं की जीएसके-३ दबतं. पेशी विभाजन चालवणाऱ्या सीडीके-१ या कायनेजच्या टायरोसिन १५ वर वी-वन नावाचं कायनेज फॉस्फेट लावून त्याला रोखून धरतं, पेशी विभाजनाच्या वेळी ते काढावं लागतं. आणि सार्क या कायनेजची तर कमालच आहे, एका टायरोसिनवर (४१६) फॉस्फेट बसलं की चालू, शेपटीकडच्या टायरोसिनवर (५२७) बसलं की बंद. हे नंबर कोंबडीच्या सार्कचे आहेत, माणसात ४१९ आणि ५३०, परत तोच नंबरांचा ताप.

त्यामुळे "सार्क वाढलं" असं वाक्य अर्थहीन आहे, सार्कची कुठली जागा वाढली ते सांगा. एका प्रोटीनच्या सगळ्या साइटची सरासरी काढून एकच आकडा करणारे लोक आहेत, त्यांचं बघून तसं करू नका. शिवाय फॉस्फोसाइट दुप्पट दिसली पण प्रोटीनच दुप्पट झालेलं असेल तर सिग्नल काही बदललेला नाही, म्हणून त्याच सॅम्पलचा साधा प्रोटिओमही, म्हणजे कुठलं प्रोटीन एकूण किती आहे तेही, मोजून ठेवावा, निदान एक्सपेरिमेंट काही तासांहून लांब असेल तर नक्कीच. आणि बऱ्याच साइटना कदाचित काही कामच नसतं, कायनेज जवळून गेलं आणि फॉस्फेट लागलं, बास. वर जो २०२० चा आकडा दिला त्याच कामात मशीन लर्निंग वापरून प्रत्येक साइटला ती महत्त्वाची असण्याचा स्कोअर दिलाय, निवड करताना तो उपयोगी पडतो.

बरं, मग कायनेज ते साइट हा बाण कुठून येतो? मशीन तर तो देत नाही.

अगदी हाच मुद्दा आहे. मशीन बाण मोजतच नाही. रात्री समोरच्या बिल्डिंगकडे बघितलं तर कुठल्या खोलीत दिवा आहे ते दिसतं पण बटण कोणी दाबलं ते दिसत नाही, आपला डेटा नेमका तसा. बाण आपण बाहेरून आणतो किंवा अंदाजाने काढतो, आणि कुठला बाण कुठून आला हे पेपरात लिहिणं हे आपलं काम.

पहिला रस्ता म्हणजे आधीचं ज्ञान. फॉस्फोसाइटप्लससारख्या डेटाबेसमध्ये लोकांनी प्रयोग करून दाखवलेल्या कायनेज-साइट जोड्या आहेत. त्या घेऊन केएसईए नावाची साधी पद्धत चालते, एका कायनेजच्या माहीत असलेल्या सगळ्या साइट बघायच्या, त्यांचा सरासरी बदल एकूण डेटाच्या सरासरीपेक्षा किती वेगळा आहे ते बघायचं, त्यावरून त्या कायनेजचं काम वाढलं की घटलं ते ठरवायचं. एका साइटवर भरवसा ठेवण्यापेक्षा वीस साइटनी मिळून एकच गोष्ट सांगितली तर ती बरी, इतकंच त्यामागचं तर्कशास्त्र. सुरुवात इथूनच करा.

दुसरा रस्ता सीक्वेन्सचा. प्रत्येक कायनेजला आजूबाजूची ठरावीक अक्षरं आवडतात, ईआरके आणि सीडीकेला फॉस्फेटच्या लगेच पुढे प्रोलिन हवं असतं, एकेटीला मागे तिसऱ्या आणि पाचव्या जागी आर्जिनिन. २०२३ मध्ये ३०३ सेरीन-थ्रिओनिन कायनेजची ही आवड एकाच पद्धतीने मोजून प्रसिद्ध झाली, पाठोपाठ टायरोसिनवाल्यांचीही आली. यामुळे जी कायनेज आधी डेटाबेसमध्ये जवळजवळ अनाथ होती त्यांचंही काहीतरी सांगता यायला लागलंय. पण आवड आहे म्हणजे भेट झालीच असं नाही, कायनेज न्यूक्लियसमध्ये आणि साइटवालं प्रोटीन पेशीच्या कडेला असेल तर सीक्वेन्स कितीही जुळू दे. शिवाय एकाच घराण्यातल्या कायनेजची आवड जवळपास सारखीच असते, त्यामुळे एकेटी-१ की एकेटी-२ हे यातून कळत नाही.

तिसरा रस्ता डेटामधूनच शिकायचा, म्हणजे कोरिलेशन, बेझियन नेटवर्क (कोण कोणावर अवलंबून आहे हे संभाव्यतेने काढायची पद्धत) वगैरे. इथे सगळ्यात जास्त शिकवणारं काम मला अजूनही २००५ चं वाटतं. त्यात माणसाच्या टी पेशी घेऊन ११ सिग्नलिंग रेणू एकेका पेशीत फ्लो सायटोमेट्रीने मोजले, म्हणजे प्रत्येक पेशी हा एक स्वतंत्र नमुना, असे हजारो, आणि वेगवेगळी रसायनं देऊन मधलाच एकेक दुवा दाबला किंवा ढकलला. त्यातून निघालेल्या १७ बाणांपैकी १५ आधीपासून पक्के माहीत होते. ईआरकेकडून एकेटीकडे जाणारा एक बाण तेवढा प्रस्थापित नव्हता, तो त्यांनी ईआरके कमी करून तपासला आणि बरोबर निघाला. पण गंमत पुढे आहे, दाबण्या-ढकलण्याचा डेटा काढून टाकून नुसत्या बघितलेल्या डेटावर तेच गणित चालवलं तर जोडण्या खूप कमी मिळाल्या आणि दिशा हरवली.

मला सगळ्यात जास्त पटतो तो चौथा रस्ता याच्यातूनच येतो. इनहिबिटर, म्हणजे कायनेज रोखणारं रसायन, द्या, कायनेज दाबा, आणि काय पडतं ते बघा. नुसता एका वेळचा फोटो काढून बाण काढत बसू नका.

म्हणजे स्ट्रिंग डेटाबेसमध्ये बदललेल्या प्रोटीनची यादी टाकून जे चित्र येतं ते नेटवर्क नाही?

ते चित्र आहे. पोस्टरवर छान दिसतं. पण त्या रेषा "ही दोन प्रोटीन कुठल्यातरी अर्थाने संबंधित आहेत" एवढंच म्हणतात, त्यात बहुतेक वेळा दिशा नसते, चालू-बंद नसतं आणि तुमच्या पेशीत तुमच्या वेळी तो संबंध जिवंत होता का हेही नसतं. दिशा आणि चिन्ह असलेल्या जोडण्या हव्या असतील तर ओम्निपाथ किंवा सिग्नॉर हे डेटाबेस बघा आणि त्यातून आपल्या डेटाला पटणारा भागच ठेवा.

माझ्या निकालात परत परत ईआरके, एकेटी, पीकेए आणि सीडीकेच का येतात?

कारण लोकांनी चाळीस वर्षं त्यांच्यावरच काम केलंय. ज्या कायनेजच्या शेकडो साइट माहीत आहेत त्यांचं गणित जुळणं सोपं, ज्यांच्या दोनच माहीत आहेत त्यांना पद्धत हातही लावत नाही. तुमच्या निकालात ईआरके आलं तर तो तुमच्या पेशीचा गुण आहे की डेटाबेसचा, हे आधी स्वतःला विचारा.

टाइम पॉइंट किती घ्यावेत? रेप्लिकेट किती?

रेप्लिकेट तीन हे अगदी कमीत कमी, चार-पाच असतील तर झोप शांत लागते. आणि रेप्लिकेट म्हणजे वेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशी, एकच सॅम्पल तीनदा मशीनवर टाकणं नाही.

टाइम पॉइंट सुरुवातीला दाट ठेवा. २००६ च्या हेला कामात ईजीएफ दिल्यावर ०, १, ५, १० आणि २० मिनिटांना सॅम्पल घेतलं होतं, सुमारे २,२०० प्रोटीनवर ६,६०० साइट सापडल्या आणि त्यातल्या १४ टक्के साइट किमान दुपटीने हलल्या. हे उलटं वाचून बघा, ८६ टक्के फॉस्फोसाइट तेवढ्या हलल्याच नाहीत! शिवाय एकाच प्रोटीनच्या दोन साइट वेगवेगळ्या वेळी हलत होत्या. सरळ २४ तासांनी एकच सॅम्पल घेणारे बघितले की वाईट वाटतं, तोपर्यंत पहिला सिग्नल, त्यावरचा फीडबॅक, नवीन बनलेली प्रोटीन सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं.

पेशंटच्या ट्यूमरवर हे करता येतं का?

येतं, अमेरिकेच्या सीपीटॅक प्रकल्पाने स्तन, अंडाशय, फुफ्फुस अशा कितीतरी कॅन्सरचे फॉस्फोप्रोटिओम काढून खुले केलेत. पण ऑपरेशन थिएटरमध्ये गाठ काढल्यापासून ती गोठवेपर्यंत किती वेळ गेला याची नोंद हवी. २०१४ मध्ये हे मुद्दाम तपासलं गेलं, तासाभरात साध्या प्रोटीनच्या पातळीत दखल घेण्यासारखा फरक नव्हता पण फॉस्फोसाइटपैकी २४ टक्क्यांपर्यंत बदलल्या, आणि त्यात ताण पडल्यावर चालू होणारी कायनेज होती. म्हणजे ट्यूमरचं सिग्नलिंग म्हणून तुम्ही जे छापाल ते ट्रेमध्ये वाट बघत पडलेल्या तुकड्याचं सिग्नलिंग असू शकतं. सर्जन आणि वॉर्डबॉय दोघांशी आधी बोलून घ्या, दुसरा जास्त महत्त्वाचा.

याचा उपयोग काय? नकाशा मिळाला, पुढे?

माझं आवडतं उदाहरण बीरॅफचं. बीरॅफ हेही एक कायनेज, त्याच्या जीनमध्ये व्ही-६००-ई नावाचं म्यूटेशन मेलॅनोमात (त्वचेचा एक कॅन्सर) सापडतं आणि काही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही. वेमुराफेनिब हे बीरॅफ दाबणारं औषध मेलॅनोमात चांगलं चाललं, आतड्याच्या कॅन्सरमध्ये तेच म्यूटेशन असून जवळजवळ चाललंच नाही. एकेका जीनकडे बघून याचं उत्तर मिळत नाही, वायरिंग बघावं लागतं. २०१२ मध्ये दाखवलं गेलं की आतड्याच्या पेशीत बीरॅफ दाबलं की खालचा फीडबॅक सुटतो आणि वर ईजीएफआर जोरात चालू होतं, त्यावरचं फॉस्फेट वाढतं आणि सिग्नल दुसऱ्या वाटेने परत सुरू. मेलॅनोमाच्या पेशींत ईजीएफआर फारसं नसतंच, म्हणून तिथे ही पळवाट नाही. मग दोन्ही एकदम दाबायची कल्पना आली आणि २०२० मध्ये एन्कोराफेनिब (बीरॅफ दाबणारं) आणि सेटुक्सिमॅब (ईजीएफआर दाबणारं) या जोडीला अशा रुग्णांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. नकाशातला एक उलटा बाण माहीत असणं आणि नसणं यात एवढा फरक पडतो.

आमच्या कॉलेजात मास स्पेक नाही. मग हा विषय सोडून द्यायचा का?

अजिबात नाही. प्राइड या खुल्या डेटा-साठ्यावर मास स्पेकचा प्रचंड रॉ डेटा फुकट पडलाय, सीपीटॅकचा पडलाय, आणि नेटवर्कचं काम तर लॅपटॉपवर होतं. दुसऱ्याचा डेटा घेऊन नवा प्रश्न विचारणं ही काही दुय्यम गोष्ट नाही, २०२० चं ते मोठं काम असंच झालंय. मॅक्सक्वांट, फ्रॅगपाइप, डीआयए-एनएन हे मास स्पेकचा डेटा वाचणारं सॉफ्टवेअर शैक्षणिक वापरासाठी फुकट मिळतं. स्वतःचे सॅम्पल चालवायचे असतील तर आयआयटी मुंबईत प्रोटिओमिक्सची सोय आहे आणि पुण्यातल्या मोठ्या संस्थांमध्येही मास स्पेक आहेत, फॉस्फोचा अनुभव आहे का ते मात्र आधी विचारा, कारण साधा प्रोटिओम चालवणारा प्रत्येक जण एन्रिचमेंट करून देतोच असं नाही.

आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा यायलाच हवी का?

आर किंवा पायथन, एक तरी. पर्स्यूस या सॉफ्टवेअरमध्ये क्लिक करून बरंच होतं पण नेटवर्कच्या वेळेला अडतंच.

व्हायव्हात विचारलं, "हा बाण खरा कशावरून?" काय उत्तर द्यायचं?

आधी इनहिबिटर, आणि एक नव्हे, रासायनिक दृष्ट्या वेगळे दोन. इनहिबिटर एकाच कायनेजवर चालतं ही फक्त बाटलीवरच्या लेबलची समजूत असते, एसबी-२०३५८० हे इनहिबिटर पी-३८ या कायनेजसाठी वापरतात पण ते केसीन कायनेज-१ लाही धरतं. २०१७ मध्ये २४३ कायनेज-रोधक औषधं पेशींच्या अर्कावर तपासून कुठलं औषध कशाकशाला चिकटतं त्याची यादी आली, ऑर्डर देण्याआधी त्यात आपलं औषध शोधा.

मग कायनेजचा जीन बंद करून बघा. तरीही "थेट की मधे दुसरं कोणी" हा प्रश्न उरतोच, त्यासाठी शुद्ध कायनेज आणि शुद्ध प्रोटीन ट्यूबमध्ये एकत्र ठेवून फॉस्फेट लागतं का बघतात, पण ट्यूबमध्ये कायनेज जरा जास्तच उदार होतं, पेशीत जे करणार नाही ते तिथे करतं, म्हणून दोन्हीकडचा पुरावा हवा. शेवटी साइटच बदला, सेरीनच्या जागी अ‍ॅलनिन, आणि परिणाम जातो का बघा. उलट बाजूने अ‍ॅस्पार्टेट किंवा ग्लुटामेट घालून फॉस्फेटची नक्कल करतात ती दरवेळी जमत नाही, १४-३-३ सारखी फॉस्फेट ओळखून चिकटणारी प्रोटीन या नकलेला सहसा चिकटत नाहीत, त्यामुळे तिथे निकाल शून्य आला म्हणून बाण खोटा ठरवू नका.

एवढं सगळं प्रत्येक बाणासाठी कोणीच करत नाही, परीक्षकही करत नाहीत. दोन-तीन महत्त्वाच्या बाणांसाठी करा, बाकीचे तुटक रेषेने काढा, आणि तुटक रेषा म्हणजे अंदाज हे आकृतीच्या खाली लिहा.